पिंग नीट, तरीही चित्रं अडकतात: रुग्णालयाच्या नेटवर्कची तपासणी नेमकी कुठून सुरू करायची

तक्रार साधारण अशी असते. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान सीटीच्या कन्सोलवरून पॅक्सकडे (चित्रं साठवणाऱ्या सर्व्हरकडे) निघालेला स्टडी, म्हणजे एका तपासणीतल्या चित्रांचा संच, मिनिटंच्या मिनिटं पोहोचत नाही. वॉर्डातल्या फोनवर आवाज तुटतो. मध्यवर्ती मॉनिटरवर एखाद्या खाटेची ईसीजीची रेघ काही सेकंद गायब होते आणि परत येते. आयटी विभाग पिंग करून, म्हणजे लहान चाचणी-पॅकेट पाठवून, बघतो, चारही उत्तरं एक-दोन मिलिसेकंदांत येतात. देखरेखीच्या आलेखात लिंकचा वापर जेमतेम दोन टक्के दिसतो. ‘नेटवर्क ठीक आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद होते आणि दोन दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येते.

इथे कुणी खोटं बोलत नसतं. मोजमापच चुकीच्या जागी, चुकीच्या आकारानं आणि चुकीच्या वेळी झालेलं असतं.

पिंग आणि आलेख दोष का लपवतात

समजा शंभरातलं एक पॅकेट गळतंय. चार पिंग केल्यावर चारही परत येण्याची शक्यता तरीही ९६ टक्के असते. म्हणजे एवढा गंभीर दोष असतानाही ही तपासणी जवळजवळ दर वेळी ‘पास’ होते. हजारात एक पॅकेट गळत असेल, तर ते ९५ टक्के खात्रीनं एकदा तरी दिसण्यासाठी सुमारे ३,००० पिंग लागतात. शिवाय पिंगचं पॅकेट लहान असतं आणि सेकंदाला एकच जातं. स्टडी मात्र पूर्ण आकाराच्या हजारो पॅकेटांच्या लोंढ्यानं निघतो.

आता आलेख. सीटीचं एक चित्र ५१२ × ५१२ बिंदूंचं, दर बिंदूला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. हजार चित्रांचा स्टडी सुमारे ५२४ एमबी होतो. एक गिगाबिटच्या लिंकवर तो साडेचार सेकंदांत जातो आणि तेवढा वेळ लिंक शंभर टक्के भरलेली असते. पण पाच मिनिटांच्या सरासरीच्या आलेखात तेच १.५ टक्के दिसतं. त्या साडेचार सेकंदांत तुटलेला फोन कुठल्याच आलेखात सापडत नाही. म्हणून निदान चालू असेपर्यंत संशयित पोर्टांची नोंद १० सेकंदांच्या अंतरानं घ्या आणि स्विचचे ६४ बिटचे काउंटर वाचा. ३२ बिटचा बाइट काउंटर पूर्ण वेगाच्या गिगाबिट लिंकवर ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. मग पाच मिनिटांनी वाचलेल्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

हात लावण्याआधी

चालू वैद्यकीय नेटवर्कवर भार टाकून वेग मोजू नका आणि वैद्यकीय उपकरणांवर पोर्ट स्कॅन चालवू नका. काही जुनी उपकरणं एवढ्यानंही गोठतात. उपकरणाच्या कन्सोलवर स्वतःचं सॉफ्टवेअर टाकायचं नाही. पॅकेट पकडायचे तर स्विचच्या मिरर पोर्टवरून (दुसऱ्या पोर्टवरच्या पॅकेटांची नक्कल देणाऱ्या पोर्टवरून). पोर्टची सेटिंग बदलली की लिंक क्षणभर पडू शकते, म्हणून बदल दोन रुग्णांच्या मध्ये, तंत्रज्ञाला सांगून आणि बायोमेडिकल अभियंत्याला सोबत घेऊनच करावा. वैद्यकीय उपकरणं जोडलेल्या नेटवर्कच्या जोखीम व्यवस्थापनासाठी आयईसी ८०००१-१ हे मानक आहे. त्यात सुरक्षितता, परिणामकारकता आणि माहितीची व यंत्रणेची सुरक्षा अशा तीन गोष्टी जपायला सांगितल्या आहेत. ‘वेग वाढवला पण मॉनिटर बंद पडला’ ही दुरुस्ती नव्हे.

आणखी एक. स्विच, पॅक्स, फायरवॉल, वायरलेस कंट्रोलर आणि मोडॅलिटी (सीटीसारखी चित्र काढणारी यंत्रं) यांची घड्याळं एकाच वेळ-सर्व्हरला जुळलेली आहेत का, ते आधी पाहा. सीटीचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर सगळ्या लॉगांची जुळवणी फुकट जाते.

तक्रारीला आकड्यात बसवा

‘स्लो आहे’ एवढ्यावर काम सुरू होत नाही. कुठल्या उपकरणावरून कुठल्या सर्व्हरकडे, किती चित्रं, किती एमबी, किती वाजून किती मिनिटांनी सुरुवात आणि शेवट, हे पाहिजे. ते विचारत बसायचीही गरज नाही. पॅक्सच्या डायकॉम (वैद्यकीय चित्रं पाठवायचं मानक) लॉगमध्ये असोसिएशन, म्हणजे दोन यंत्रांमधली जोडणी, उघडल्याची वेळ, प्रत्येक सी-स्टोअरची (एक चित्र पाठवण्याच्या आज्ञेची) वेळ आणि बंद झाल्याची वेळ असते. पंधरा दिवसांचा लॉग काढून दोन आकडे काढा: दर सेकंदाला किती चित्रं आणि दर सेकंदाला किती एमबी.

या दोन आकड्यांइतकं उपयोगी मोजमाप दुसरं नाही. लहान चित्रं असोत की मोठी, एमबीचा वेग साधारण तोच राहत असेल तर अडचण रुंदीची आहे: लिंक, डुप्लेक्स (दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात की आळीपाळीनं), सर्व्हरची डिस्क. उलट चित्रांचा आकार बदलला तरी सेकंदाला जाणाऱ्या चित्रांची संख्या तेवढीच राहत असेल, तर अडचण फेऱ्यांची आहे. प्रत्येक चित्रामागे कुणीतरी उत्तराची वाट पाहतंय. अशा ठिकाणी बँडविड्थ विकत घेतली तर पैसे जातात आणि तक्रार राहते.

सरासरी काढू नका. लागलेल्या वेळेचा ९५ वा शतमक (शंभरातले ९५ स्टडी ज्या वेळेच्या आत पोहोचतात ती वेळ) काढा, तोही तासानुसार वेगळा. रात्री तीनच्या वेगवान स्टडीमुळे सकाळी अकराचा त्रास झाकला जातो.

सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष: डुप्लेक्स जुळत नाही

मोडॅलिटीच्या कन्सोलवर बसवताना कुणीतरी ‘१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स’ असं हातानं पक्कं केलं असेल, आणि स्विचचा पोर्ट मात्र ऑटोवर असेल, तर हा दोष निश्चित उद्भवतो. पक्कं केलेलं टोक वेग आणि डुप्लेक्स आपोआप ठरवायच्या वाटाघाटीत भाग घेत नाही. ऑटोवरचा स्विच सिग्नलवरून १०० चा वेग ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखायला त्याच्याकडे काहीच साधन नसतं, म्हणून मानकाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरतो. एक टोक बोलताना ऐकतही असतं, तर दुसरं टोक एका वेळी एकच बोलेल असं समजून चालतं.

पिंगमध्ये हे दिसत नाही, कारण एकच लहान पॅकेट जातं आणि एकच येतं, टक्कर होतच नाही. स्टडी सुरू झाला की एका बाजूनं माहिती आणि दुसऱ्या बाजूनं पोचपावत्या एकाच वेळी धावतात आणि वेग कोसळतो. लिंकचा दिवा हिरवाच राहतो.

ओळखायची खूण काउंटरमध्ये असते. हाफ असलेल्या टोकाला उशिराच्या टकरा, म्हणजे लेट कोलिजन, वाढतात. फुल असलेल्या टोकाला एफसीएस किंवा सीआरसी चुका (बिघडून पोहोचलेल्या फ्रेम) आणि अर्धवट फ्रेम वाढतात. काउंटर शून्य करा, एक मोठा स्टडी जाऊ द्या, पुन्हा वाचा. आकडा हलला असेल तर निदान झालं.

उपाय: दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा. उपकरण ऑटो करता येत नसेल, तर स्विचचा तो एक पोर्ट अगदी त्याच वेगावर आणि डुप्लेक्सवर पक्का करा आणि पोर्टच्या वर्णनात कारण लिहून ठेवा. स्विच बदलताना हीच ओळ नव्या स्विचवर जात नाही आणि दोष परत येतो. ही तक्रार ‘पुन्हा पुन्हा’ येण्यामागे बहुतेकदा हेच असतं. तांब्याच्या गिगाबिट जोडणीला वाटाघाट लागतेच, तिथे हातानं पक्कं करायच्या फंदात पडूच नये.

डुप्लेक्स बरोबर आहे, लेट कोलिजन नाही, पण एफसीएस चुका रोज वाढताहेत, तर केबलकडे वळा: दबलेली पॅच कॉर्ड, सैल जॅक, ९० मीटरहून लांब गेलेली भिंतीतली केबल, फायबर असेल तर मळलेलं टोक. पॅच कॉर्ड आधी बदलून पाहा, स्वस्त आणि झटपट होतं. एफसीएस शून्य आहे पण ‘आउटपुट ड्रॉप’ (रांग भरल्यानं टाकून दिलेली पॅकेटं) वाढताहेत, तर केबलला हात लावू नका. ती गर्दी आहे. या दोन काउंटरांची गल्लत झाली की माणसं निष्कारण छत उघडून केबल ओढत बसतात.

दूरच्या केंद्राकडून येणारे स्टडी

फेऱ्यांचा दोष इथे उघडा पडतो. डायकॉमचं नेहमीचं सी-स्टोअर एक चित्र पाठवतं, ‘मिळालं’ असं उत्तर येईपर्यंत थांबतं, मग पुढचं पाठवतं. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागणाऱ्या लाइनवर हजार चित्रांसाठी नुसत्या वाट पाहण्यात ४० सेकंद जातात, लाइन कितीही रुंद असली तरी. त्यात टीसीपीची विंडो (पोचपावतीची वाट न पाहता पाठवता येणारी माहिती) ६४ केबीवर अडकलेली असेल, तर त्याच लाइनवर एका जोडणीला १३ एमबीपीएसच्या वर जाता येत नाही. शंभरची लाइन घेतली तरी तेरा आणि पाचशेची घेतली तरी तेराच.

गळतीचा हिशोबही करून ठेवावा. १,४६० बाइटचा सेगमेंट, ४० मिलिसेकंदांची फेरी आणि एक टक्का गळती धरली, तर पारंपरिक टीसीपीची एक जोडणी साधारण साडेतीन एमबीपीएसवर अडते. गळती दहा हजारात एक असेल तर तीच जोडणी ३५ च्या आसपास जाते. रुग्णालयाच्या आत फेरी एक मिलिसेकंदाची असल्यानं तेवढ्याच गळतीचा फटका कमी जाणवतो. म्हणून ‘आत चालतं, बाहेरून अडकतं’ असं दिसतं.

उपाय या क्रमानं करा. पाठवणाऱ्या डायकॉम राउटरवर एकाच वेळी चार समांतर असोसिएशन उघडा. दोन्ही बाजूंना कमाल पीडीयू (डायकॉम एका वेळी पाठवतं तो तुकडा) १६ केबीवरून १२८ केबीपर्यंत वाढवा. विंडो स्केलिंग (विंडो ६४ केबीच्या वर न्यायची सोय) चालू आहे का आणि मधली एखादी फायरवॉल ते काढून टाकते का, हे जोडणीच्या पहिल्या पॅकेटात पाहा. त्यानंतर सेवादात्याच्या टोकाकडे बघा. विकत घेतलेला वेग १०० एमबीपीएस आणि आपला पोर्ट एक गिगाबिटचा असेल, तर आपला राउटर पूर्ण वेगानं लोंढा सोडतो आणि सेवादाता १०० च्या वरचं सरळ टाकून देतो. आपल्याच राउटरवर ९५ ला शेपिंग (वेगाला लगाम) लावा. टाकाटाक थांबते आणि कुठलं पॅकेट आधी जावं, हे आपल्या हाती राहतं.

लहान संदेश जातात, सी-इको (डायकॉमची जोडणी-चाचणी) पास होतो, पण पहिल्याच चित्राला सगळं थांबतं, असं असेल तर एमटीयू (मार्गावरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटाचा कमाल आकार) तपासा. तुकडे करायची मनाई लावून १,४७२ बाइटचं पिंग करा. २८ बाइटची शीर्षकं मिळून ते बरोबर १,५०० होतं. ते अडतं आणि १,३५० चं जातं, तर व्हीपीएननं जागा खाल्ली आहे आणि ‘पॅकेट मोठं आहे’ हा आयसीएमपी निरोप कुणीतरी अडवलाय. तो निरोप मोकळा करा किंवा व्हीपीएनच्या तोंडाशी टीसीपीचा एमएसएस (सेगमेंटचा कमाल आकार) कमी करा.

दोष नेटवर्कचा नसेल तेव्हा

वायरशार्कमध्ये (पॅकेट पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक स्टडी पकडला की तीनपैकी एक चित्र दिसतं. पुनःप्रेषणं भरपूर असतील तर गळती आहे, दोष मार्गात शोधा. ‘झिरो विंडो’ येत असेल तर घेणारा सर्व्हर म्हणतोय की माझी बादली भरली. पॅक्सची डिस्क, अँटिव्हायरस किंवा डेटाबेस तपासायला द्या. दोन्ही नाही, नुसत्या मोकळ्या पोकळ्या आहेत, तर अॅप्लिकेशन वाट पाहतंय. अशी पकड जोडलेली असली की विभागांमधली ढकलाढकल थांबते, म्हणून ती तक्रारीसोबत जपून ठेवावी.

पहाटेचा पहिला रिपोर्ट उशिरा येतो

हा वेगळा, पण तितकाच चिवट दोष. प्रयोगशाळेची यंत्रणा आणि रुग्णालयाची मुख्य यंत्रणा यांच्यात एचएल सेव्हनची (वैद्यकीय संदेशांच्या मानकाची) एकच टीसीपी जोडणी दिवसभर उघडी असते. दिवसा संदेश सतत वाहतात. रात्री तासाहून जास्त वेळ शांतता असली, की मधली फायरवॉल ती जोडणी आपल्या तक्त्यातून पुसून टाकते. अनेक फायरवॉलवर ही मर्यादा ३,६०० सेकंदांची असते. दोन्ही टोकांना याचा पत्ता नसतो. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर कीपअलाइव्हचा (जोडणी जिवंत आहे का, हे तपासणाऱ्या पॅकेटाचा) मूळ काळ ७,२०० सेकंद, तोही अॅप्लिकेशननं मागितला तरच. म्हणजे कीपअलाइव्ह निघण्याच्या तासभर आधीच जोडणी मेलेली असते.

मग पहाटे चारचा पोटॅशियमचा रिपोर्ट निघतो आणि फायरवॉलवर निमूट गडप होतो. पाठवणारं टोक पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. लिनक्सवर मूळ सेटिंगमध्ये हार मानायला सुमारे १५ मिनिटं लागतात. त्यानंतर नवी जोडणी होते आणि अडलेले सगळे रिपोर्ट एकदम येतात. खूण हीच: पहिला उशिरा, बाकीचे घोळक्यानं. आयसीयूत वाट पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी ती पंधरा मिनिटं लहान नाहीत, म्हणून या दोषाला ‘अधूनमधून होतं’ म्हणून सोडू नये.

उपाय: जोडणीवर कीपअलाइव्ह चालू करून ३०० सेकंदांवर आणा. ते जमत नसेल तर फायरवॉलवर फक्त या दोन पत्त्यांच्या नियमाची मर्यादा वाढवा, सगळ्या नेटवर्कची नव्हे. जोडणी पुसताना दोन्ही टोकांना रीसेट पाठवायची सोय फायरवॉलवर असेल तर तीही लावा.

वॉर्डातला आवाज आणि वायरलेस

जी.७११ (फोनचा आवाज डिजिटल करायची पद्धत) चा एक कॉल एका दिशेनं सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो, इथरनेटवर सुमारे ८७ केबीपीएस. रुंदी किरकोळ आहे, त्याला हवी असते वेळेवर वाट. आयटीयूच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितला आहे. जिटर (विलंबातला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत आणि गळती एक टक्क्याच्या आत ठेवावी. आवाज तुटत असेल तर फोननं लावलेली डीएससीपी ४६ ची (‘हे पॅकेट आधी न्या’ अशी) खूण दुसऱ्या टोकाला पोहोचताना ४६ च आहे का, ते पॅकेट पकडून पाहा. मधल्या एखाद्या स्विचचा पोर्ट खुणेवर विश्वास ठेवत नसेल तर ती शून्य होते आणि आवाजाचं पॅकेट सीटीच्या लोंढ्यामागे रांगेत उभं राहतं. टेलिकन्सल्टेशनच्या व्हिडिओलाही हेच लागू. फोन आणि अॅक्सेस पॉइंट एकदम बंद होऊन चालू होत असतील, तर मात्र पीओईचा (नेटवर्क केबलमधून दिल्या जाणाऱ्या विजेचा) एकूण वॉटेज हिशोब तपासा.

वायरलेसचं मोजमाप कॉरिडॉरमध्ये करून उपयोग नाही. खाटेपाशी, दार बंद करून, उपकरण ज्या उंचीवर असतं तिथेच करा. एक्स-रे खोलीच्या शिशाच्या अस्तराआड सिग्नल पोहोचत नाही, त्या खोलीला तिचा स्वतःचा अॅक्सेस पॉइंट लागतो. आवाज आणि टेलिमेट्रीसाठी (खाटेवरच्या मॉनिटरची वायरलेसनं जाणारी माहिती) उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरा सिग्नल आणि २५ डीबी सिग्नल-गोंगाट अंतर हवं. चालत्या खाटेसाठी दुसरा अॅक्सेस पॉइंटही जवळपास तेवढाच ऐकू यायला हवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ एवढेच तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. जेवणाच्या वेळी पॅन्ट्रीशेजारच्या खाटांची टेलिमेट्री तुटत असेल तर आधी तिकडे बघा.

५ गिगाहर्ट्झवरच्या डीएफएस (रडारसोबत वाटून वापरायच्या) चॅनलांवर रडार ऐकू आलं की अॅक्सेस पॉइंटला चॅनल सोडावा लागतो, त्या चॅनलवर अर्धा तास परतता येत नाही, आणि नवा चॅनलही डीएफएसचाच असेल तर आधी किमान ६० सेकंद ऐकत बसावं लागतं. कंट्रोलरच्या लॉगमध्ये रडारच्या नोंदी आणि खाट गायब झाल्याच्या वेळा जुळल्या तर टेलिमेट्रीच्या मजल्यांवर ते चॅनल बंद करा. जुने मंद वेग बंद केल्यानं हवेतली गर्दी कमी होते, पण त्या वॉर्डात फक्त ८०२.११ बी (वायफायचं जुनं मानक) जाणणारे इन्फ्युजन पंप नाहीत ना, याची यादी बायोमेडिकलकडून घेतल्याशिवाय ते करू नका.

दुरुस्ती खरंच झाली का

तेवढ्याच आकाराचा स्टडी, त्याच उपकरणावरून, त्याच गर्दीच्या तासाला, कामाच्या तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि आधीच्या ९५ व्या शतमकाशी ताडून पाहा. पोर्टचे काउंटर शून्य करून २४ तासांनी वाचा. पहाटेच्या रिपोर्टांचा दोष असेल तर तक्रार पूर्ण आठवडा उघडी ठेवा, त्यात सुट्टीची एक रात्र यायला हवी, कारण सगळ्यात लांब शांतता तेव्हाच असते. केलेला बदल पोर्टच्या वर्णनात, बदलाच्या नोंदवहीत आणि उपकरणाच्या बायोमेडिकल फाइलमध्ये, अशा तिन्ही ठिकाणी तारखेसह लिहा. पुढच्या वेळी तो स्विच बदलणारा माणूस दुसराच असेल.